पिल्लू कुणी नेलं? परसातल्या शिकारी पक्ष्यांविषयी प्रश्नोत्तरे

होळी झाली की शिकारी पक्ष्यांविषयीची पत्रं वाढतात. झाडांची पानं झडलेली असतात, त्यामुळे एरवी न दिसणारे पक्षी दिसायला लागतात. त्यांच्या घरट्यांत पिल्लं असतात आणि आपल्या खुराड्यांतही. यंदाच्या पत्रांतली सहा निवडली आहेत.

घरामागच्या सांदवाडीत गावरान कोंबडीची अकरा पिल्लं होती. पंधरा दिवसांत पाच उरली. दोन माझ्या डोळ्यांदेखत ससाण्याने नेली, बाकीची कधी गेली ते कळलं नाही. शेजारचे म्हणतात, मेलेल्या पिल्लाला फवारणीचं औषध लावून ठेवा. ठेवू का?
— गृहिणी, साकोली तालुका, जि. भंडारा

ठेवू नका, ताई. कारण सांगतोच, पण आधी हिशेब करू. सहा पिल्लं गेली, त्यातली दोन तुम्ही पाहिली. ती दोन पक्ष्याच्या नावावर मांडा. उरलेल्या चारांची चौकशी अजून व्हायची आहे.

तुम्ही ज्याला ससाणा म्हणता तो बहुतेक शिक्रा असावा. पारव्याएवढा, पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, आखूड गोलसर पंख आणि लांब शेपूट. नराचा डोळा लाल, मादीचा पिवळा, आणि मादी नराहून मोठी. खरा ससाणा लांब टोकदार पंखांचा आणि मोकळ्या रानाचा. शिक्रा झाडाझुडपांतून वाट काढणारा. चिंचेच्या किंवा आंब्याच्या आतल्या फांदीवर तो गुपचूप बसतो आणि तिथून एकच झेप घेतो. एरवी त्याचं पोट सरडे, पाली, उंदीर, नाकतोडे आणि चिमण्यांवर भरतं. त्याचं वजन साधारण सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम, त्यामुळे चार दिवसांचं पिल्लू तो सहज नेतो. महिना-दीड महिन्याचं तलंग त्याला झेपत नाही आणि कोंबडीचा तर प्रश्नच नाही. घार त्याच्यापेक्षा बरीच मोठी, पण ती वरून घिरट्या घालत येते आणि तिला मोकळं अंगण लागतं. तुमचा भाग नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहे. तिथली मोरघार मात्र मोठी कोंबडीही उचलू शकते. ती गरुडाच्या जातीची, अंगाने दणकट आणि पिसं पायांच्या बोटांपर्यंत आलेली.

आता चौकशी. पिल्लं रात्रीत गेली असतील तर यातला एकही आरोपी नाही. दिवे लागायच्या वेळी हे सगळे झोपी जातात. रात्रीचे गिऱ्हाईक वेगळे: रानमांजर, उदमांजर, साप. साप मागे काहीच ठेवत नाही. मुंगूस दिवसाही येतं, आणि खुराड्यात शिरलं तर एक खाऊन तीन मारून जातं. मानेला चावा दिसला तर ते बहुधा त्याचं काम. शिक्रा सावज खाण्याआधी सोलतो, म्हणून कुंपणाशी किंवा झाडाखाली एका जागी उपटलेल्या पिसांचा ढीग सापडला तर तो त्याचा.

उपाय साधा आहे. पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची होईपर्यंत सकाळी आणि तिसऱ्या प्रहरानंतर डाल्याखाली ठेवा, शिकारीचा जोर याच वेळी असतो. मधल्या वेळात सोडायची तर आसरा द्या. तुराट्या किंवा पऱ्हाट्यांच्या पेंढ्या भिंतीला तिरप्या लावून दोन-चार ठिकाणी खोपी करा. पिल्लाला चार पावलांत आत घुसता आलं की अर्धं काम झालं. कोंबडी धोक्याचा आवाज देते, पिल्लं धावतात, पण धावून जायला जागाच नसेल तर ती बिचारी तरी काय करणार? वरून हिरवी शेडनेट ताणून बांधलीत तर उत्तमच. मासेमारीचं जुनं बारीक जाळं मात्र नको. त्यात शिक्रा अडकतो, आणि सापही. चकाकणाऱ्या सीड्या टांगल्या तर पक्षी चार दिवस बिचकतो, पाचव्या दिवशी त्याच तारेवर येऊन बसतो.

राहिलं औषध. ते लावलेलं पिल्लू शिक्राच खाईल याची हमी कोण देणार? पहिला कावळा येईल, मग गावातलं कुत्रं, मग शेजाऱ्याचं मांजर. शिक्रा जिवंत सावज धरणारा पक्षी आहे, पडलेल्या मढ्याकडे तो सहसा ढुंकूनही बघत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी विष ठेवलं तोच वाचणार. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा पक्ष्याला मारणं, पकडणं आणि पाळणंही गुन्हा आहे, त्याला तुरुंगवास आहे. हे शेजाऱ्यांनाही सांगा, सल्ला त्यांचा आहे.

अंगणात पाखरांसाठी पाण्याचं परळ आणि ज्वारीचे दाणे ठेवतो. आठ दिवसांपूर्वी एका पक्ष्याने तिथूनच चिमणी उचलली. नातीने ते पाहिलं आणि ती रडली. मीच चिमण्यांना बोलावून मारलं असं वाटायला लागलं आहे. परळ काढून टाकू का?
— निवृत्त शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा

गुरुजी, काढू नका. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा आपल्याकडचे नाले कोरडे पडलेले असतात, आणि एका परळावर दिवसभरात किती चोची लागतात ते तुम्हीच पाहत असाल. चिमणी उचलणारा बहुतेक शिक्राच असावा, आणि तोही त्याच पाण्यावर येतो. दुपारी नीट बघा, एखादे वेळी तो पोटापर्यंत पाण्यात उभा राहून अंघोळ करताना दिसेल. तेव्हा चिमण्या नुसत्या लांब सरकून बसतात.

जागा मात्र बदला. परळ उघड्यावर मधोमध असलं तर चिमणीला पळायला वाट राहत नाही. झुडपाला चिकटून असलं तर मांजर दबा धरतं, आणि चिमण्यांचा खरा काळ मांजर आहे, शिक्रा नव्हे. मेंदीच्या कुंपणापासून किंवा बोगनवेलीपासून पाच-सात फुटांवर, कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. दाणे आठ-दहा दिवस बंद करा. गर्दी पांगली की शिक्राही दुसरीकडे वळतो.

नातीला काय सांगावं हे मी गुरुजींना शिकवणं बरं नाही. पण बुलबुल आणि सातभाई एकदम कलकलाट करायला लागले की वर बघायला तिला शिकवा. शिक्रा कुठे बसलाय ते पाखरंच दाखवतात. फक्त कोतवाल पक्ष्यावर भरवसा ठेवू नका. तो लबाड शिक्र्याचा हुबेहूब आवाज काढतो, मैना घाबरून उडतात आणि त्यांनी शोधलेला किडा हा गट्टम करतो.

आमच्या कोठ्यात माळ्यावर रात्री सापावानी फुसफुस आवाज येते. बॅटरी मारली तं पांढऱ्या तोंडाचे चार-पाच जीव, एक लहान, एक मोठा. बाई म्हणते घरावर संकट आहे, हाकला. गेल्या साली असंच एक मोठं पाखरू धुऱ्यावर मेलेलं भेटलं होतं.
— शेतकरी, बार्शीटाकळी तालुका, जि. अकोला

भाऊ, संकट नाही, तुमच्या कोठ्यात फुकटचा राखणदार राहायला आला आहे. ही गव्हाणी घुबडाची पिल्लं. गव्हाणीत, माळ्यावर, जुन्या वाड्यात राहतं म्हणून नाव गव्हाणी. हे घुबड घुमत नाही. ते फिस्सकारतं नाहीतर किंचाळतं, आणि पिल्लं भुकेने रात्रभर फुसफुसतात. लहान-मोठी दिसतात कारण मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडं घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. थोरलं पिसांनी भरतं तेव्हा धाकटं कापसाचा गोळा असतं.

माळ्याखाली काळपट, अंगठ्याएवढे गोळे पडलेले असतील. एक पाण्यात भिजवून काडीने सोडवा. आत उंदराच्या कवट्या, दात, केस. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेलं तोंडावाटे टाकतं. एका गोळ्यात किती कवट्या निघतात ते बाईंच्या समोरच मोजा, माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. घरात पाच पिल्लं असताना नर-मादी रात्रभर उंदीर वाहतात, तेही मिट्ट अंधारात. घुबडाचे दोन कान वर-खाली असतात, त्यामुळे कुटारात उंदीर कुठे खुडबुडला ते त्याला आवाजावरूनच नेमकं कळतं.

माझी आजी सांगायची, घुबडाला ढेकूळ मारू नये, ते ढेकूळ पाण्यात नेऊन टाकतं आणि ढेकूळ विरघळेल तसा मारणारा झिजतो. गोष्ट खोटी, पण तिच्यामुळे आमच्या गल्लीतल्या पोरांच्या गलोलीतून कितीतरी घुबडं वाचली. आता भीती राहिली नाही आणि दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मीच्या नावाने, गुप्तधनाच्या नावाने घुबडं पकडणारे मात्र फिरतात. म्हणून माळ्यावर काय आहे हे पारावर सांगू नका.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला जास्त टोचलं. मागच्या वर्षी घरात किंवा शेतात उंदराचं औषध ठेवलं होतं का? ब्रोमाडायोलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. आतल्या आत रक्तस्राव होत तो काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि असा उंदीर घुबडाच्या हाती सगळ्यात आधी लागतो. असे चार-सहा खाल्ले की विष घुबडात उतरतं. मेलेलं पाखरू मी पाहिलेलं नाही, म्हणून तेच झालं असं म्हणत नाही, पण शंका घ्यायला जागा आहे. यंदा पिंजरा आणि चाप लावा, पोती विटांवर फळी टाकून उचला, बिळं बुजवा. रब्बीच्या शेतात पक्षीथांबे लावता ना? ते हरभरा निघेपर्यंत काढू नका. दिवसा त्यावर कोतवाल बसतो, रात्री घुबड. कापशी घारही बसेल, पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, हवेत एका जागी पंख मारत थांबणारी. तीही उंदरांवरच जगते.

पिल्लं दोन महिन्यांत उडतील. तोवर माळ्यावर बॅटरी मारू नका.

खिडकीच्या काचेवर आपटून एक शिकारी पक्षी खाली पडला. आम्ही त्याला चमच्याने दूध पाजलं, तो मेला. काय चुकलं?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुसद, जि. यवतमाळ

दूध चुकलं. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि बेशुद्ध पक्ष्याच्या चोचीत काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. वाईट वाटून घेऊ नकोस, निम्मं गाव हेच करतं.

पुन्हा असं झालं तर जाड टॉवेल टाकून त्याला उचल. चोचीपेक्षा नख्यांना जप, इजा त्यांनी होते. खोक्याला भोकं पाडून, खाली सुती कापड अंथरून त्यात ठेव आणि झाकण लाव. अंधारात तो शांत होतो. पाणी नाही, मांस नाही, फोटो नाही. फक्त धक्का बसलेला पक्षी तास-दोन तासांत सावरतो. खोकं मोकळ्या जागी नेऊन उघड, जाईल. पंख लोंबत असेल किंवा संक्रांतीच्या नायलॉन मांजाने चिरला असेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लाव. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे अशा प्राण्या-पक्ष्यांवर उपचार होतात. मांजा ओढून काढू नकोस. दोन्हीकडून कापून मधला तुकडा तसाच राहू दे, तो डॉक्टर काढतील. आणि त्या काचेवर बाहेरून दोऱ्या सोड, चार-चार बोटांच्या अंतरावर.

गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेलं की घार डोक्यावर झडप घालते. कुरडयांना ती शिवतही नाही. मग पाठीमागे का लागते?
— रिसोड, जि. वाशीम

शेजारच्या कडुनिंबावर किंवा टॉवरवर तिचं घरटं असणार. काटक्या, चिंध्या, प्लास्टिक असा पसारा शोधा. तुम्ही गच्चीवर आलात की तिच्या पिल्लांच्या उंचीला येता, एवढाच तुमचा गुन्हा. पिल्लं साधारण दीड-दोन महिने घरट्यात असतात. तोवर छत्री घेऊन जा. घार पाठीमागून येते, तोंड तिच्याकडे असलं तर सहसा टाळते. घरटं पाडायला कुणी वर चढला तर आधी तोच खाली येईल.

आमच्याकडे मेळघाटात दुर्मीळ रानपिंगळा आहे म्हणतात. घरामागच्या मोहावर रोज एक पिंगळा बसतो. तो तोच का? आणि पावसाच्या आधी एक ससाणा रात्रभर ओरडून झोपू देत नाही, तो कोणता?
— धारणी, जि. अमरावती

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. ससाणा रात्री ओरडत नाही. तुमची झोप मोडणारा पावशा आहे, तोच ‘पेर्ते व्हा’वाला. दिसतो थेट शिक्र्यासारखा, तशीच पाठ, तसेच छातीवरचे पट्टे, उडणंही तसंच. पण तो कोकिळेच्या कुळातला, त्याला वाकडी चोच नाही की नख्या नाहीत. त्याला बघून पाखरं घाबरतात, आणि त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात आपलं अंडं ठेवून मोकळी होते. पेरण्या उरकल्या की आवाज कमी होईल.

आता पिंगळा, म्हणजे छोटं घुबड. रानपिंगळा १८८४ नंतर कुणाला सापडलाच नव्हता. तो नामशेष झाला असंच धरलं जात होतं. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या पक्षीअभ्यासकांना तो नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. पुढे मेळघाटातही सापडला आणि आज मेळघाट हे त्याचं मोठं घर आहे. पण तो सागाच्या विरळ जंगलातला पक्षी. घरामागच्या मोहावर रोज बसणारा, संध्याकाळी दिव्याभोवतीचे किडे टिपणारा, जोडीदाराशी चिरकत भांडणारा बहुतेक आपला गावातला पिंगळाच.

खात्री करायची तर डोकं बघा. गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. रानपिंगळ्याचं पोट पांढरं, पिसांनी झाकलेले पाय जाडसर, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि तो भर दिवसा शिकार करतो. सकाळी नऊला उन्हात शेंड्यावर बसून सरडा खाताना दिसला तर मात्र मला लगेच कळवा. फोटो लांबून काढा, पण डोकं आणि शेपूट दोन्ही येऊ द्या. नुसत्या डोळ्यांचे फोटो मला खूप येतात.