पावसाने दडी मारल्यावर मायकोरायझा कामाला येतो का?

प्रश्न: लातूर जिल्ह्यात आमचं सोयाबीन आहे. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की दुपारी पीक माना टाकतं. दुकानदार म्हणतो मायकोरायझा सोडा, पाण्याशिवाय पीक टिकेल. खरंय का? उभ्या पिकात दिलं तर चालेल का?

उत्तर: पाण्याशिवाय टिकेल हे साफ चूक आहे दादा, असं सांगून माल विकूच नये. जिवाणू किंवा बुरशी पाणी तयार करत नाहीत, पण जमिनीत जी थोडीफार ओल उरलेली असते ती पिकाला जास्त चांगली घेता येते, एवढं मात्र नक्की. मायकोरायझा ही बुरशी मुळाच्या आत घर करते आणि तिचे धागे बाहेर मातीत पसरतात, ते इतके बारीक की जिथे मूळ शिरत नाही तिथूनही पाणी नी स्फुरद ओढून आणतात, बदल्यात झाड तिला साखर देतं. माती सुकली की स्फुरद जागचा हलत नाही, म्हणून ताणातच हिची खरी गरज. पण डीएपी (स्फुरदाचं खत) भरमसाठ टाकलं तर ही बुरशी मुळात नीट वाढत नाही, आणि कोबी-फ्लॉवरला तर ती लागतच नाही, तिथे पैसे घालू नका.

जिवाणूंचं काम वेगळं. ताण बसला की झाडात इथिलीन (झाडातच तयार होणारं वायुरूप संप्रेरक) वाढतं, मुळांची वाढ खुंटते, पानं-फुलं गळतात. स्युडोमोनास, बॅसिलसच्या काही जाती इथिलीन झाडातल्या ज्या एसीसी नावाच्या द्रव्यापासून बनतं तेच खाऊन टाकतात, मग मुळं खाली जात राहतात.

आता सुकलेल्या रानात ड्रेंचिंग (मुळाशी द्रावण ओतणं) करू नका, ओल नसेल तर जिवाणूच मरतात. हे काम पेरणीच्या वेळचं: बियाण्याला आधी बुरशीनाशक, सगळ्यात शेवटी सोयाबीनचंच रायझोबियम (मुळावर गाठी करून हवेतलं नत्र देणारे जिवाणू; हरभऱ्याचं चालत नाही), सावलीत सुकवायचं नी लगेच पेरायचं. पाकीट घेताना तारीख बघा, पत्र्याच्या शेडमध्ये तापलेलं घेऊ नका. एक झाड मातीसकट खणून मुळावरची गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी असेल तर नत्राचं काम चालू आहे, हिरवट-करडी असेल तर बंद पडलंय.

सध्या कोळपं मारता येत असेल तर मारून भेगा बुजवा, आणि विहिरीत पाणी असेल तर शेंगा भरताना एक पाणी द्याच.