पंख्याचं पातं धरा, मगच धूळ उडवा

प्रश्न : माझा डेस्कटॉप बराच जुना आहे. हल्ली पंखा फार घरघरतो आणि थोडा वेळ काम केलं की सगळं संथ होतं. कीबोर्डची काही बटणंही चिकटतात. घरीच साफ करावं म्हणते, पण आतलं काही बिघडेल अशी भीती वाटते. व्हॅक्यूम क्लीनर चालेल का? कीबोर्ड पाण्याने धुतला तर?

उत्तर : घरघर आणि संथपणा, दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांमध्ये धूळ दाटते, हवा खेळत नाही. मग पंखा जोरात फिरतो, आणि तरीही तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तेव्हा सफाई जरूर करा.

आधी संगणक नीट बंद करून पॉवरची वायर काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. वायर काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) उरलेला विद्युतभार उतरतो. झाकण उघडलं की आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि काम करताना अधूनमधून लावत राहा. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती पुरते.

व्हॅक्यूम क्लीनर आत नकोच. त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते. कॉम्प्रेस्ड एअरचा कॅन घ्या, तो उभाच धरा आणि थोडी थोडी हवा मारा. उलटा केला तर आतला गार द्रव बाहेर येतो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. आणि हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो : हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. तो गरगर फिरला की छान साफ होतोय असं वाटतं, पण त्या वेगाने बेअरिंग खराब होऊ शकतं, शिवाय फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून मदरबोर्डकडे पाठवू शकते.

हीटसिंक उपसू नका. तो काढला तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप, नव्याने लावावी लागते. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तर कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका भार राहू शकतो. त्याची जाळी बाहेरूनच साफ करा.

आता कीबोर्ड. अख्खा धुऊ नका. तोही संगणकापासून सोडवा, उलटा धरून हलके झटका, मग मऊ ब्रश फिरवा. चिकटपणासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेलं कापड पुरतं. जवळपास ज्योत नको आणि थेट फवारा तर मुळीच नको. नेलपॉलिश रिमूव्हरही टाळा, त्यातलं अॅसिटोन प्लॅस्टिक विरघळवतं.

बटणांच्या टोप्या निघत असतील तर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्पेसबार आणि एंटरखाली बहुतेकदा तारेची कडी असते, म्हणून ती दोन शक्यतो काढू नका. बाकीच्या टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पसरून रात्रभर वाळवा आणि आतल्या खोबणीत थेंब राहिला नाही ना, हे बघूनच बसवा. लॅपटॉपची बटणं मात्र अशी उचकटू नका, त्यांच्या बारीक बिजागऱ्या मोडतात.