शपथ घातली म्हणून एकटीनं सहन करू नको

अगं पोरी,

तुझा मेसेज नीट वाचला. मैत्रीण स्वतःला इजा करून घेते, कुणाला सांगायचं नाही अशी तिनं तुला शपथ घातलीय, म्हणून तू रात्रभर मोबाईल उशाशी घेऊन जागतेस, अभ्यास होईना, जेवण जाईना. तिच्याएवढीच मला तुझीपण काळजी वाटतेय.

लोक सहज बोलून जातात की हे लक्ष वेधायला करतात, पण बहुतेक जण तर घरच्यांपासूनपण लपवतात गं. आतलं दुःख, राग सहन होईना झाला की काही जणांचं असं होतं, मग लाज वाटते, आणि परत तेच. म्हणून "परत करणार नाही असं वचन दे" म्हणत मागं लागू नको, वचन मोडलं की ती तुझ्यापासूनपण लपवेल. "आज काय झालं?" एवढं विचार आणि ऐक. कधी तो विषयच नको, पार्क चौपाटीवर काहीतरी खायला ने.

पण "मरावंसं वाटतं का?" हे सरळ विचार. विचारल्यानं तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते. हो म्हणाली किंवा जखम मोठी दिसली तर शपथबिपथ बाजूला, तिला एकटं सोडायचं नाही, मोठ्या माणसाला बोलवायचं, 112 नाहीतर 108 ला फोन लावायचा, सिव्हिलला न्यायचं. रागावेल. रागावू दे.

एरवीपण हे दोघींतच ठेवू नको. आईला सांगणं अवघड असेल तर तिची मावशी, कॉलेजातल्या एखाद्या मॅडम, कुणीतरी भरवशाचं बघ, आणि शक्यतो तिला सांगूनच, तिला बरोबर घेऊन बोला. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर सेव्ह कर, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तू स्वतःसाठीसुद्धा लावू शकतेस, खरंच लाव.

आणि तिला सांग, "मी अकराला झोपते, रात्री जीव घाबरला तर 14416 लाव नाहीतर आईला उठव, सकाळी मी आहेच." सांगताना तिला दगा दिल्यासारखं वाटेल तुला, तरी सांग. तू मैत्रीण आहेस, डॉक्टर नाहीस, आणि तिनं परत केलं तर ते तुझ्यामुळं नाही.

रविवारी घरी ये, कुणाला आणि कसं सांगायचं ते बसून ठरवू. त्याआधी काही झालं तर थांबू नको, मला कधीपण फोन कर.

तुझी ताई