गरीब देशांतले लोक कमी कष्ट करतात म्हणून ते गरीब आहेत का?

नाही. आमच्या नागपूरच्या सीताबर्डीतला न्हावी आणि लंडनचा न्हावी, दोघांची कात्री तीच, केसही तेच. कमाईत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. लंडनच्या गिऱ्हाइकापाशी यंत्रं, भांडवल, शिक्षण आहे, म्हणून त्याची मिळकत मोठी. त्यातूनच तिथल्या न्हाव्याला जास्त पैसे मिळतात.

हे अंतर पडलं कसं, याचा एक धागा विदर्भातच आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या कापडगिरण्यांची नजर वऱ्हाडच्या कापसावर गेली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस इथून जायचा, कापड तिथून यायचं, आणि खरा नफा कापडात. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी इथं एम्प्रेस मिल सुरू केली, तर १८९६ मध्ये सरकारनं देशी गिरण्यांच्या कापडावरच ३.५ टक्के कर बसवला! अर्थात सगळं खापर इंग्रजांवर फोडून भागत नाही. दक्षिण कोरियाही पारतंत्र्यातच होता, जपानच्या, तरी वर आला.

बाकी आकडे जपून वाचा. २०२३ मध्ये अमेरिकेचा दरडोई जीडीपी, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पादनातला माणशी वाटा, डॉलरमध्ये आपल्या ३० पटींहून जास्त होता, पण इथली स्वस्ताई धरली तर साधारण ८ पट. तर्री-पोहे काही न्यूयॉर्कच्या भावानं मिळत नाहीत ना.