शनिवारच्या बैठकीची वाट पाहू नये

प्रश्न : मुलुंडमधील एका खासगी अनुदानित शाळेच्या नियामक मंडळावर मी दोन वर्षांपूर्वी आलो. त्याआधी माझी सारी नोकरी बँकेत झाली. तिसरीतील एका मुलीने शाळेच्या बसमधील मदतनिसाच्या वागण्याबद्दल वर्गशिक्षिकेला काही सांगितले आणि ते मुख्याध्यापिकेमार्फत चिटणिसांपर्यंत पोहोचले. चिटणिसांचे म्हणणे असे, की तो ठेकेदाराचा माणूस आहे, खरे-खोटे आधी आपण पाहू. त्यासाठी शनिवारी बैठक बोलावली आहे. यात माझी जबाबदारी किती? (एक विश्वस्त, मुलुंड)

उत्तर : हे उत्तर अंक छापून येईपर्यंत थांबण्याजोगे नव्हते, म्हणून पत्र हाती पडले त्याच दिवशी मी ते पत्रलेखकांना दूरध्वनीवरून दिले. येथे ते विस्ताराने देतो, कारण चिटणिसांचा युक्तिवाद मी अनेक संस्थांच्या बैठकांत ऐकला आहे आणि तो करणारी माणसे बहुधा सज्जनच असतात.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच ‘पोक्सो’, याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा तो घडेल अशी नुसती धास्ती ज्याला वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलीस ठाण्याला दिलीच पाहिजे. संबंधित माणसाचा पगार शाळा देते की ठेकेदार, हे ते कलम विचारत नाही. शिवाय हे कर्तव्य मंडळाचे नसून व्यक्तीचे आहे. त्यामुळे त्याला ठराव लागत नाही, गणसंख्याही लागत नाही, आणि ‘मी विरोधात मत नोंदवले होते’ हा बचाव होत नाही. माहिती न देणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध कळवला नाही, तर कारावासाची ही मर्यादा एक वर्षापर्यंत जाते आणि दंडही होतो. याउलट, सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही याच कायद्यात लिहिलेले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा ठरवला. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर तर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही माहिती दडवल्याचा गुन्हा नोंदवला गेला.

‘आधी आपण पाहू’ यात प्रत्यक्ष काय घडते, तेही डोळ्यांसमोर आणावे. लांब टेबल, चहाचे कप, सात प्रौढ माणसे आणि त्यांच्यापुढे आठ वर्षांची मुलगी, जिला तेच तिसऱ्यांदा सांगायचे आहे. तिसऱ्या वेळी तिच्या सांगण्यात एखादा वार किंवा एखादी जागा बदलते, आणि पुढे न्यायालयात बचावाचे वकील नेमक्या त्यावर बोट ठेवतात. पोलिसांनीही मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावा, असे कायदा सांगतो. जी मुभा पोलिसांना नाही, ती विश्वस्तांनी स्वतःकडे घेऊ नये. वर्गशिक्षिकेने मात्र मुलीने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत, त्याच दिवशी, वेळेसह लिहून सही करून ठेवावे. मदतनिसाला बोलावून जाब विचारणे टाळावे, तथापि त्या दिवसापासून तो बसवर राहणार नाही, हे ठेकेदाराला लेखी कळवावे. बसमध्ये कॅमेरा असल्यास चित्रणाची प्रत तत्काळ वेगळी काढावी, कारण जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. मुलीचे नाव इतिवृत्तात येऊ नये, आणि विश्वस्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच नाही.

पोलिसांना कळवून झाल्यावर शिक्षण खात्याचा प्रश्न येतो. २०२४ च्या शासन निर्णयानुसार अशी घटना २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायची असते. मुंबईत माध्यमिक शाळांसाठी आपल्या विभागाचे शिक्षण निरीक्षक कार्यालय गाठावे लागते. १०९८ या हेल्पलाइनवरून मुलीला आधार मिळू शकतो. ही सेवा १९९६ मध्ये आपल्याच मुंबईत सुरू झाली. मात्र तिथे फोन केला म्हणजे पोलिसांना सांगितले, असे समजू नये.

शनिवारची बैठक रद्द करण्याची गरज नाही, तिचा विषय बदलावा. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करायची असते. ठेकेदाराच्या माणसांची पडताळणीपत्रे फाइलमध्ये खरोखर आहेत का, हे बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने स्वतः उघडून पाहावे. अशा कामाला त्याच्याइतका योग्य सदस्य मंडळाला मिळणार नाही. नुसत्या कागदावर मात्र विसंबू नये: एका शाळेत मी पाहिलेली तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाच्या दारालगत, शिपायाच्या स्टुलाच्या वर टांगलेली होती, आणि किल्ली त्या शिपायाच्याच जुडग्यात होती. आत दोन चॉकलेटचे कागद होते. अहवालात ‘पेटी बसवली, तक्रारी निरंक’ असे लिहिलेले होते.

प्रश्न : महापालिकेच्या शाळेत मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. मुलांच्या सुरक्षिततेबाबत आमच्या समितीला काही अधिकार आहेत का? (एक आई, धारावी)

उत्तर : शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, त्यामुळे तेथे तुमचा आवाज पाहुण्याचा नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. छडी किंवा वर्गाबाहेर उभे करणे याविषयीच्या तक्रारी समितीत मांडा आणि त्या इतिवृत्तात लिहून घ्या. लैंगिक अपराधाची शंका आली तर मात्र वरचेच उत्तर तुम्हालाही लागू आहे: बैठकीआधी पोलीस ठाणे. आपल्या शाळेतील सखी सावित्री समितीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीत, कोण आहे आणि ती शेवटची कधी भरली, एवढे पुढच्या सभेत विचारून पाहा.