नेमबाजी शिकायची आहे. बंदूक कधी घ्यावी?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली मनू भाकरने दोन कांस्यपदके मिळवली आणि १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये आणखी एक कांस्यपदक जिंकले. तेव्हापासून या सदराकडे नेमबाजीविषयीची पत्रे सातत्याने येत आहेत. हौशी नेमबाजांना एअर रायफल आणि एअर पिस्तूल शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे यातील काही निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ऑलिंपिकमधील नेमबाजी पाहिल्यापासून तिने शिकण्याचा हट्टच धरला आहे. आमच्या घरात मात्र बंदूक या शब्दाचीच भीती आहे, विशेषतः माझ्या सासूबाईंना. हे वय योग्य आहे का आणि हा खेळ कितपत सुरक्षित आहे? (एक पालक, सांगली)

सासूबाईंची भीती मला मुळीच चुकीची वाटत नाही. ज्या घरात बंदुकीविषयी धाक आहे, त्या घरातली मुले रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, लवकर आणि चांगली तयार होतात, असे मी पाहत आलो आहे. अडचण येते ती बंदूक खेळण्यासारखी हाताळण्याची सवय लागलेल्या मुलांची.

तुमच्या मुलीच्या हाती पहिल्यांदा येईल ती एअर रायफल. तिच्यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या किंवा स्प्रिंगच्या जोरावर साधारण अर्ध्या ग्रॅमचा, ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा बाहेर पडतो. स्पर्धेच्या रायफलीत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर असतो. खांद्याला जाणवावा असा धक्का बसत नाही आणि आवाजही कानठळ्या बसवणारा नसतो. परंतु तो छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून या खेळात नियम आधी आणि नेम नंतर, असाच क्रम असतो. जुन्या मराठीत नेम धरण्याला 'शिस्त धरणे' असेच म्हणत; त्या एका शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात याचे मला फार अप्रूप वाटते.

आमच्याकडे पहिल्या दिवशी कुणालाही छर्रा दिला जात नाही. रायफल टेबलावर ठेवलेली असते, नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेला असते आणि नळीतून आरपार घातलेली भगव्या रंगाची जाड दोरी दोन्ही बाजूंनी दिसत असते. ती दोरी दिसते आहे, म्हणजे आत छर्रा नाही, हे दुरूनही ओळखता येते. मूल प्रथम ती दोरी काढायला, परत घालायला आणि नळीचे तोंड एकदाही इकडेतिकडे न वळवता रायफल उचलायला शिकते. बोट चापावर कधी जायचे, तर लक्ष्यावर नेम धरल्यावरच. तोपर्यंत ते चापाच्या बाहेर, लाकडाला लागून सरळ राहते. 'बंदूक रिकामी आहे' असे कुणी सांगितले तरी ते ऐकायचे नाही, आपल्या डोळ्यांनी पाहायचे आणि पाहिल्यावरही ती भरलेलीच आहे असे समजून वागायचे.

काही वर्षांपूर्वी बारा वर्षांच्या एका मुलाने पहिल्यांदा दहा गुणांचा नेम साधला आणि त्या आनंदात तो मागे बसलेल्या वडिलांकडे वळला. त्याच्याबरोबर हातातली रायफलही वळली. ती रिकामी होती, हे मला ठाऊक होते. तरीही मी 'स्टॉप' म्हणून सगळी रेंज थांबवली, रायफल त्याच्या हातून घेतली आणि उरलेला तास त्याला बाकावर बसून इतरांना पाहायला सांगितले. वडिलांना राग आला, मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्या रविवारी मात्र तो सर्वांच्या आधी हजर होता. आज तोच नव्या मुलांच्या मागे उभा राहून त्यांच्या नळीच्या तोंडाकडे लक्ष ठेवतो.

वयाविषयी सांगायचे, तर अकरा-बारा वर्षे ही सुरुवात करायला चांगली वेळ आहे, मात्र एक अट आहे. स्पर्धेतल्या रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ती उभ्याने पेलण्याची घाई या वयात कंबरेला आणि पाठीच्या कण्याला महाग पडते. पहिले काही महिने रायफल टेकूवर ठेवून नेम धरू देणारा प्रशिक्षकच तिच्यासाठी निवडा. छर्रे शिशाचे असल्यामुळे रेंजवर डबा खाऊ देऊ नका आणि घरी निघण्यापूर्वी तिने साबणाने हात धुतले की नाही, तेही पाहा. आणि शक्य असेल, तर एखाद्या रविवारी सासूबाईंनाही रेंजवर न्या. तिथली शांतता पाहून अनेक आजींचा विरोध मावळलेला आहे. सांगलीपासून तासाभराच्या अंतरावरच्या कोल्हापूरने जगज्जेती तेजस्विनी सावंत आणि आशियाई सुवर्णपदक विजेती राही सरनोबत या दोघींना घडवले आहे, हेही त्यांना जरूर सांगा.

प्रश्न : मी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या शहरात रेंज नाही. परवाना लागत नाही असे सांगून एका दुकानदाराने एअर रायफल घेण्याचा आग्रह धरला आहे. गच्चीवर सराव केला तर चालेल का? (एक विद्यार्थी, परभणी)

दुकानदार म्हणतो ते परवान्यापुरते खरे असू शकते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही, अशा एअर रायफलीला परवान्यातून सूट आहे. यापैकी एकही मर्यादा ओलांडली, की ती सूट संपते, म्हणून दोन्ही आकडे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय खरेदी करू नये.

गच्चीवर मात्र सराव करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. हुकलेला छर्रा कठड्यावरून निसटला, तर शेजारच्या दोन-तीन गल्ल्या ओलांडून जाऊ शकतो, आणि भिंतीवर किंवा पत्र्यावर आदळला, तर तुमच्याच डोळ्यांकडे उलटू शकतो. शिवाय गच्चीवर बसणाऱ्या कबुतरा-पोपटांचा मोह मित्रमंडळींना होतोच. पक्ष्यांवर छर्रा झाडणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि माझ्या दृष्टीने तर तशी बंदूक चालवणारा माणूस नेमबाज नव्हेच.

तुमच्या हाती एक चांगला मार्ग आहे तो म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना. अंजली भागवत यांनी बंदूक पहिल्यांदा हाती घेतली ती एनसीसीतच, आणि पुढे त्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. तुमच्या महाविद्यालयात एनसीसीचे पथक नसेल, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन जवळच्या रेंजची चौकशी करा. महिन्यातून दोन शनिवार-रविवार मोठ्या शहरातल्या रेंजवर जाऊन क्लबच्या रायफलीने सराव केलात, तरी गच्चीवरच्या वर्षभराच्या ठोठावणीपेक्षा तो अधिक मोलाचा ठरेल.

उरलेल्या दिवसांत घरी करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला बंदूक लागत नाही. भिंतीवर एक छोटा ठिपका काढा. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हात सरळ करून त्या ठिपक्याच्या उंचीवर धरा. हे वजन साधारण एअर पिस्तुलाएवढे होते. आता डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडून बाटली कुठे सरकली आहे ते पाहा. ती उजवीकडे गेली असेल, तर हाताने ओढून परत आणू नका. दोन्ही पावले हलवून सगळे शरीरच थोडे डावीकडे फिरवा आणि पुन्हा डोळे मिटून खात्री करून घ्या. शरीर जिथे विनासायास स्थिरावते, तिथेच नेम असला पाहिजे. हे एक सूत्र अंगात मुरायला अनेकांना सहा महिने लागतात, आणि तुम्ही ते आज रात्रीपासून सुरू करू शकता.

प्रश्न : मी बावन्न वर्षांची असून बँकेत अधिकारी आहे. चष्मा आहे, रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि हात किंचित थरथरतो. केवळ हौस म्हणून नेमबाजी शिकता येईल का? रायफल घ्यावी की पिस्तूल? (एक वाचक, डोंबिवली)

जरूर शिकता येईल. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर नातीला सोबत म्हणून रेंजवर गेल्या आणि साठी उलटून गेल्यावर स्वतः पिस्तूल शिकून स्पर्धा जिंकू लागल्या. त्यांच्यापुढे तुम्ही तर तरुणच आहात.

थरथरीचे आधी सांगतो, कारण बहुतेक प्रौढ विद्यार्थी तिच्यामुळेच सोडून जातात. हात सर्वांचाच हलतो. ऑलिंपिकपटूच्या पिस्तुलाचे टोकही लक्ष्यावर सारखे फिरत असते, फक्त त्याचे फिरणे लहान जागेत मावते. सरावाने थरथर थांबत नाही, तिचा घेर कमी होत जातो. टोक दहाच्या वर्तुळावरून जाताना 'आता!' म्हणून चाप ओढण्याची सवय लागली, की ती वर्षानुवर्षे सुटत नाही. टोक फिरत असतानाच चापावरचा दाब एकसारखा, हळूहळू वाढवत नेला, तर छर्रा कधी सुटला ते तुम्हालाही नेमके कळणार नाही, आणि तोच छर्रा बहुधा चांगला लागतो. छर्रा सुटल्यावरही क्षणभर पिस्तूल तसेच धरून ठेवायचे असते, कारण चाप सुटल्यानंतरही काही सहस्रांश सेकंद तो नळीतच असतो.

चष्म्याच्या बाबतीत एक काम आवर्जून करा. नेम धरताना डोळा लक्ष्यावर नव्हे, तर नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटवर, म्हणजे नेम जुळवण्याच्या खुणेवर स्थिर करायचा असतो. या साइटला जुनी माणसे 'माशी' म्हणतात. माशी धारदार दिसली पाहिजे आणि पलीकडचे काळे वर्तुळ थोडे धूसर दिसले तरी चालते. चाळिशीनंतर नेमके हेच अवघड होते. म्हणून हात सरळ करून पिस्तूल धरल्यावर डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि तो आकडा घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा. दोन नंबरांच्या चष्म्यात नजर नेमकी दोन भिंगांच्या सीमेवर येते, त्यामुळे या एका अंतरासाठीच केलेला साधा चष्मा अधिक उपयोगी ठरतो. दुसरा डोळा घट्ट मिटू नका. त्यामुळे चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि नेम धरणारा डोळाही थकतो; चष्म्याच्या त्या बाजूला एक पांढरी पट्टी लावली की पुरते.

तुम्ही पिस्तूलच घ्यावे असे मला वाटते. रायफलीसाठी जाड कॅनव्हासचे जाकीट आणि विजार लागते, ते खर्चाचे असते आणि मे महिन्याच्या दमट उकाड्यात नवशिक्याचा जीव नकोसा करते. शिवाय १० मीटर रायफलीतले दहाचे वर्तुळ केवळ अर्ध्या मिलिमीटरचे, छापील पूर्णविरामाएवढे असते. पिस्तुलाचे मात्र साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे असते. सुरुवातीला एवढा दिलासा असावा.

रक्तदाबाच्या गोळीविषयी थोडे सावध करतो. बीटा ब्लॉकर या प्रकारातली औषधे हात स्थिर करतात, म्हणून नेमबाजीच्या अधिकृत स्पर्धांत त्यांना बंदी आहे. हौशी सरावाला त्याची आडकाठी नाही. पुढे स्पर्धेत उतरावेसे वाटले, तर डॉक्टरांशी बोला, परंतु स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

प्रश्न : मुलाला शिकायला लागून तीन महिने झाले आहेत. प्रशिक्षक परदेशी रायफल घेण्याविषयी सुचवतात, ती अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. घ्यावी का? (एक पालक, नाशिक)

सध्या घेऊ नये. तीन महिन्यांत मुलाची उंची, हातांची लांबी आणि मुख्य म्हणजे त्याची ओढ, यांपैकी काहीच निश्चित झालेले नसते. किमान वर्षभर क्लबचीच रायफल वापरू द्या आणि वाचलेल्या पैशांतून चांगल्या प्रतीचे छर्रे घ्या. पुढे जुनी रायफल घेण्याची वेळ आली, तर हवेच्या नळकांड्यावर कोरलेली तारीख आधी पाहा. या नळकांड्यांची मुदत सहसा दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेल्या नळकांड्यात दोनशे बारच्या दाबाने हवा भरणे धोक्याचे असते.

प्रश्न : मी दोन महिन्यांपासून उजव्या हाताने एअर पिस्तूल चालवतो. साइट कितीही फिरवली तरी छर्रे डावीकडे खालीच जातात. काय चुकते आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

साइट फिरवणे आधी बंद करा. दोष पिस्तुलात नसून बोटात आहे. उजव्या हाताने नेम धरणारा चाप झटक्याने ओढतो, तेव्हा त्याची सगळी मूठच आवळली जाते आणि टोक डावीकडे खाली झुकते. नवशिक्यांमध्ये हा दोष सर्वांत अधिक आढळतो. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भागच चापावर ठेवा आणि तो सरळ मागे येतो आहे ना, ते पाहा. पुढचे दोन आठवडे लक्ष्याचा कागद उलटा लावून त्याच्या कोऱ्या बाजूवरच छर्रे चालवा. समोर वर्तुळच नसल्यामुळे दहा गाठण्याची घाई आपोआप गळून पडते आणि लक्ष माशीवर आणि बोटावर राहते. तुमच्या पिस्तुलात रिकाम्या सरावाची सोय असेल, तर रोज वीस वेळा छर्ऱ्याशिवाय चाप ओढून पाहा. स्प्रिंगच्या पिस्तुलाने मात्र असे करू नका, आतल्या पिस्टनला इजा होते. दोन आठवड्यांनी कोऱ्या कागदावरची भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाऊ लागली, की मग कागद सुलटा करा आणि त्यानंतरच साइटला हात लावा.