राज्यात महायुती एकत्र, मग कोल्हापुरात तिचीच माणसं एकमेकांना का पाडतात?

तुम्ही विचारलंय की नुकतीच बदली होऊन कोल्हापुरात आलोय, भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी हे तिन्ही पक्ष राज्यात एकत्र सत्तेत आहेत, मग इथं त्यांचेच नेते एकमेकांविरुद्ध का, आणि महापालिकेला नक्की कोण कुणाविरुद्ध होतं.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे. राजकारण मला कळतं ते कुणाचा फोटो केवढा आणि कुणाच्या शेजारी, एवढ्यावरूनच. महापालिकेच्या निवडणुकीआधी एक इच्छुक आला, दहा बाय पंधराचा फ्लेक्स करायचा होता. वर नेत्यांची ओळ लावली तर म्हणतो, "ह्या मंत्र्यांचा फोटो जरा बारीक कर, आमच्या साहेबांचा मोठा घे." म्हटलं, अहो, दोघं एकाच सरकारात आहेत की. "सरकार मुंबईत. हितं साहेब." चिन्ह कुठं टाकू विचारलं, तर म्हणाला, "जागा मोकळी ठेव, अजून ठरायचंय."

इथं आधी गट, मग पक्ष. आणि गट भाषणांवर उभा राहत नाही. गावातल्या माणसाचं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी संस्थेत येतं, पीककर्ज सेवा सोसायटीतून जिल्हा बँकेचं, उसाची तोड कारखान्याच्या हातात. या तिन्ही ठिकाणी ज्याचा शब्द चालतो तो त्याचा नेता. त्या नेत्यानं उद्या पक्ष बदलला तर माणूस त्याच्याबरोबर जातो, कारण म्हशी काही पक्ष बदलत नाहीत.

गोकुळ, म्हणजे इथला जिल्हा दूध संघ, समजून घ्या, निम्मं कोल्हापूर समजलं. तिथं उत्पादक थेट मत देत नाही. गावची दूध संस्था एकाच्या नावानं ठराव करते आणि तो ठरावधारक मतदान करतो. म्हणून निवडणूक लागायच्या कितीतरी आधी ठराव गोळा करायची धावपळ सुरू होते. 2021 ला काँग्रेसचे सतेज पाटील आणि राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ यांनी महादेवराव महाडिक गटाची सत्ता घालवली, 21 पैकी 17 जागा घेतल्या. पुढे मुश्रीफ महायुतीत मंत्री झाले, पाटील काँग्रेसमध्येच राहिले, पण गोकुळमधली त्यांची जोडी टिकली. 2025 च्या मे महिन्यात तिथले अध्यक्ष राजीनामा देईनात. म्हणाले, महायुतीचा अध्यक्ष व्हावा अशी मुख्यमंत्र्यांची सूचना आहे. शेवटी अध्यक्ष झाले मुश्रीफांचे चिरंजीव नविद. महायुतीचाही माणूस बसला आणि पाटील-मुश्रीफांची जोडीही फुटली नाही. असलं गणित सोडवायला मुश्रीफांच्या कागल तालुक्याचंच डोकं लागतं!

कागलला उगाच राजकारणाचं विद्यापीठ म्हणत नाहीत. मुश्रीफ हे मूळचे सदाशिवराव मंडलिकांचे शिष्य, नंतर दोघांचं फाटलं. 2009 ला राष्ट्रवादीनं तिकीट नाकारलं, तर मंडलिक अपक्ष उभे राहून खासदार झाले. 2024 च्या लोकसभेला त्यांचे चिरंजीव संजय मंडलिक शिवसेनेकडून उभे राहिले तेव्हा मुश्रीफ त्यांच्या प्रचारात होते. त्याच वर्षी विधानसभेला भाजपचे समरजित घाटगे शरद पवारांकडे जाऊन मुश्रीफांविरुद्ध लढले आणि पडले. आणि वर्षभरात, 2025 च्या नोव्हेंबरात, कागल नगरपालिकेसाठी मुश्रीफ-घाटगे एकत्र, समोर मंडलिकांची शिवसेना. म्हणजे राज्यातला मित्र समोर आणि कालचा विरोधक मांडीला मांडी लावून. बाहेरच्या माणसाला चक्कर येते, इथल्याला नुसतं हसू येतं.

हे फक्त महायुतीतच चालतं असं समजू नका. 2019 च्या लोकसभेला आघाडीचे उमेदवार राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक होते. काँग्रेसचे सतेज पाटील यांनी 'आमचं ठरलंय' म्हणत उघड विरोधात काम केलं आणि शिवसेना-भाजप युतीचे संजय मंडलिक निवडून आले. वैर जुनं होतं. 2014 ला महादेवराव महाडिकांचे चिरंजीव अमल यांनी पाटलांना कोल्हापूर दक्षिणमध्ये पाडलं होतं, 2015 ला पाटलांनी विधान परिषदेच्या निवडणुकीत खुद्द महादेवरावांना पाडून उट्टं काढलं.

आता महापालिकेचं. जुन्या सभागृहाची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली, तेव्हापासून निवडणूक होईपर्यंत प्रशासक होता. पाच वर्षं तयारी करून करून इच्छुक पिकून गेले होते. 81 जागा, मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. आधी एका प्रभागात एकच नगरसेवक असायचा, आता बहुतेक ठिकाणी चार. खरी भांडणं यानंच वाढवली. एकाची पेठेत तालीम आहे, दुसऱ्याचं फुटबॉलचं मंडळ आहे, तिसऱ्याच्या मागं साहेबांचा फोन. तिन्ही पक्ष मिळून जागा वाटायच्या म्हटलं की एका जागेवर तीन-चार इच्छुक, आणि उरलेल्याला कुणीतरी गुपचूप सांगतंच, "अपक्ष राहा, बघू." विरोधी पक्षापेक्षा आपल्यातल्याच शेजारच्या तालमीची भीती जास्त. पेठेत राहत असाल तर संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर जरा टेका, वर्तमानपत्रापेक्षा लवकर कळेल.

2024 च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारानं मुदत संपायला काही मिनिटं असताना अर्ज मागं घेतला आणि मतदारसंघातनं पंजाच गायब झाला. तेव्हापासून माझा नियम आहे, माघारीची तारीख उलटल्याशिवाय चिन्हाचा फ्लेक्स मशीनवर चढवायचा नाही. महापालिकेला ती 2 जानेवारी 2026 होती. त्या इच्छुकाच्या फ्लेक्सवरचा पांढरा चौकोनही तोवर तसाच राहिला.